भाताचें शुद्धिपत्र



कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत राजाचा रथ वनांतून जात असतां, कोणीं न सांगतांच राजा ओळखतो कीं आपण तपोवनाच्या परिसरांत आलों आहोंत. ही ओळख त्याला ज्या खुणांवरून पटते, त्यांपैकीं एक खूण म्हणजे झाडांच्या तळाशीं सांडलेले दाणे. ढोलींतील पोपटांच्या मुखांतून गळलेले ते दाणे नीवाराचे असतात. नीवार म्हणजे पाणथळ जागीं, कोणीं न पेरतां उगवणारी रानसाळ. आश्रमवासी नांगर धरीत नसत. असें आपोआप आलेलें धान्य वेंचून ते निर्वाह करीत. ऋषिपंचमीच्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं, हा आपल्या घरांतील स्त्रियांचा नेम त्याच जीवनक्रमाची आठवण करून देतो.

हें वर्णन मुलांना शिकवितांना मला पुष्कळ वर्षें एक साधी गोष्ट सुचली नव्हती. पोपटानें तो दाणा टाकला नसता, तरीहि तो गळून पडलाच असता. पिकतांच देठापासून सुटून चिखलांत पडावयाचें हा रानसाळीचा स्वभावच आहे. तसें न झालें तर तिचा वंश पुढें चालावा कसा? उलट आपल्या मावळांतील आंबेमोहोर पिकला म्हणजे त्याचा दाणा लोंबीला चिकटून विळ्याची वाट पाहत राहतो. झोडपल्यावांचून तो सुटत नाहीं. एकाच कुळांतल्या ह्या दोन वनस्पतींत हा फरक कोणीं पाडला, केव्हां पाडला आणि कसा पाडला, हें समजून घेतलें तर सध्यां गाजत असलेल्या एका वादाचा उलगडा होण्यास बरीच मदत होईल.

तो वाद असा. ४ मे २०२५ रोजीं केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं नवी दिल्ली येथें भाताच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेनें तयार केलेली 'डीआरआर धान १००' ऊर्फ 'कमला' ही एक, आणि दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची 'पुसा डीएसटी राईस १' ही दुसरी. ह्या दोन्ही जाती जनुकसंपादन ह्या नव्या पद्धतीनें घडविलेल्या आहेत. बातमी येतांच दोन तट पडले. एकाला ह्यांत अन्नपूर्णेचा प्रसाद दिसला. दुसऱ्याला सृष्टीच्या मूळ ग्रंथांत मनुष्यानें केलेली अक्षम्य ढवळाढवळ दिसली. दोघांच्याहि बोलण्यांत एक गोष्ट मात्र समान होती. साळीच्या ग्रंथाला आजवर कोणींच हात लावला नव्हता, असें दोघेहि गृहीत धरून चालले होते.

मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हें. शाळेंत इतिहास व संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां ह्या विषयाकडे मी इतिहासाच्याच वाटेनें जाणार, हें आपण गृहीत धरालच. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, साळीच्या ग्रंथाला मनुष्याचा हात लागण्याची ही तिसरी वेळ आहे. आणि पहिल्या दोन वेळीं काय घडलें हें ठाऊक असल्याखेरीज तिसऱ्या वेळेची भीति किंवा कौतुक, दोन्हीहि तोलून पाहतां येत नाहींत.

प्रथम हा ग्रंथ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. साळीच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रें असतात आणि त्यांचा मूळ संच बाराचा असतो. ही बारा अध्यायांची पोथी समजा. ती डी. एन. ए. नांवाच्या द्रव्यांत लिहिलेली असून तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे. पण ग्रंथाचा विस्तार सुमारें ३९ कोटि अक्षरांचा भरतो. १९९८ सालीं जपानच्या पुढाकारानें हा ग्रंथ वाचण्याचें काम सुरू झालें, दहा देशांनीं तें वांटून घेतलें, आणि २००५ सालीं संपूर्ण वाचन प्रसिद्ध झालें. अकराव्या अध्यायाचा एक भाग वाचण्याचें काम भारतीय शास्त्रज्ञांनीं केलें आहे. ह्या ग्रंथांतील एकेका आज्ञार्थी वाक्याला जनुक म्हणतात. उंची किती वाढवावी, दाणा कोणत्या रंगाचा करावा, तो केव्हां सोडावा, अशा हजारों आज्ञा त्यांत आहेत.

आतां छापखान्यांत खिळे जुळवितांना एखादें अक्षर चुकावें, तशा चुका ह्या ग्रंथाची नक्कल होतांना निसर्गांत पिढ्यान्‌पिढ्या घडतच असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, कांहीं घातक असतात, आणि क्वचित् एखादी मनुष्याच्या उपयोगाची निघते. ग्रंथकार पुस्तकाच्या शेवटीं शुद्धिपत्र जोडतो. तशीं मनुष्यानें साळीला आजवर तीन शुद्धिपत्रें जोडलीं आहेत. मौज अशी कीं, तिहींतहि ठळक सूचना बहुधा एकच आढळते: 'अमुक शब्द खोडावा'.

पहिलें शुद्धिपत्र अनामिक हातांनीं लिहिलें. चीनच्या झेजियांग प्रांतांत तियानलुओशान नांवाचें एक प्राचीन वसतिस्थान आहे. तेथील चिखलांत टिकून राहिलेलीं भाताचीं टरफलें व देठांचे तुकडे संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. दाणा आपण होऊन गळला असेल तर देठाच्या सांध्यावर गुळगुळीत व्रण राहतो. झोडपून काढला असेल तर तो सांधा फाटलेला दिसतो. ह्या खुणेवरून त्यांनीं हिशेब मांडला. सुमारें ६९०० वर्षांपूर्वीं तेथील भातांत न गळणाऱ्या दाण्यांचें प्रमाण शेंकडा २७ होतें. तीनशें वर्षांनंतर तें ३९ झालें. तीनशें वर्षांत अवघे बारा टक्के! म्हणजे दहा-बारा पिढ्या शेतांत राबल्या, तेव्हां कोठें ही एवढी दुरुस्ती झाली.

आणि ती करणाऱ्यांना आपण कांहीं दुरुस्त करीत आहोंत ह्याचा पत्ताहि नव्हता. जे दाणे लोंबीला धरून राहिले ते घरीं आले. जे गळले ते चिखलांत गेले. घरीं आलेल्यांपैकींच कांहीं पुढल्या वर्षीं पेरले गेले. निवड आपोआप होत गेली. ह्या निवडीचें मूळ कोणत्या अक्षरांत होतें तें कळावयाला मात्र २००६ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील मिशिगन राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकांत एकच अक्षर बदललें आणि त्यामुळें दाण्याचा सांधा तोडण्याची आज्ञा क्षीण झाली. अशीं दुसरींहि कांहीं जनुकें पुढें सांपडलीं. पण ३९ कोटि अक्षरांतील एका अक्षरानें मनुष्यजातीच्या फार मोठ्या भागाचें अन्न ठरविण्यास हातभार लावला, ही गोष्ट मनांत घोळवीत राहण्यासारखी आहे.

दुसरें उदाहरण रंगाचें. रानसाळीचा तांदूळ तांबडा असतो. आपण ज्याला सहज पांढरा तांदूळ म्हणतों, त्याचा रंग बहुतांशीं एका जनुकांतील चौदा अक्षरें गळाल्यामुळें गेला आहे. हाहि शोध २००६ सालचाच. कोंकणांत आणि गोमंतकांत तांबड्या तांदळाची पेज अजून आवडीनें घेतात. शहरांतला पाहुणा तिच्याकडे गांवढळ अन्न म्हणून पाहतो. पण खरें पाहतां अक्षरें गळालेला पाठ त्याच्या स्वतःच्या ताटांत असतो आणि जुना पाठ त्या पेजेच्या वाडग्यांत.

पहिल्या शुद्धिपत्राची किंमत साळीनें भरली. दाणा सोडण्याची कला विसरल्यामुळें ती आपल्या बळावर रानांत नांदण्यास दुबळी झाली. मनुष्यहि तिच्यावांचून राहूं शकेनासा झाला, ही गोष्ट वेगळी. मात्र ह्या शुद्धिपत्राचा कोणी मालक नव्हता. सुधारलेलें बीं शेजाऱ्याला मूठभर दिलें, लेकीबरोबर सासरीं पाठविलें, असें करीत करीत तें देशोदेशीं गेलें.

दुसरें शुद्धिपत्र विसाव्या शतकांतलें आहे. त्याची लेखनविद्या ब्रुन शहरांतील ग्रेगोर मेंडेल नांवाच्या एका मठवासी साधूनें शोधून ठेविली होती. वाटाण्याच्या रोपांवर आठ वर्षें प्रयोग करून त्यानें १८६५ सालीं अनुवंशाचे नियम मांडले. जगानें ते १९०० सालीं पुन्हां शोधून काढले. तेव्हांपासून दोन जातींचा संकर करून हवे ते गुण एकत्र आणण्याच्या कामाला शास्त्राचा आधार मिळाला.

भाताच्या शेतकऱ्याचें त्या काळचें दुःख असें होतें कीं, जुन्या जाती उंच वाढत. खत घातलें कीं आणखी उंच होत, आणि लोंबी भरली कीं वाऱ्यापावसांत पीक आडवें लोळे. अधिक खत म्हणजे अधिक धान्य, हें साधें गणितच जुळत नव्हतें. उपाय तैवानच्या एका स्थानिक जातींत निघाला. तिचें नांव डी-जिओ-वू-जेन. अर्थ असा कीं आखूड पायांची, काळ्या टोकाची. फिलिपाईन्समधील लॉस बॅन्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत पीटर जेनिंग्ज ह्यांनीं १९६२ सालीं ह्या बुटक्या जातीचा 'पेटा' ह्या इंडोनेशियांतील उंच जातीशीं संकर केला. त्या मालिकेंतील हा आठवा संकर. त्याच्या संततींतून निवडलेली जात २८ नोव्हेंबर १९६६ रोजीं 'आय-आर-८' ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें ताट आखूड व भक्कम. खत घातलें तरी उभें राहणारें. आशियांतील भाताची हरितक्रांति म्हणतात ती मुख्यतः ह्या आखूड पायांवर उभी राहिली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका वाटेनेंहि प्रयत्न चालले होते. १९२७ सालीं हर्मन मुलर ह्यांनीं माशांवर आणि १९२८ सालीं लुईस स्टॅडलर ह्यांनीं जव व मका ह्यांवर क्ष-किरण सोडून अनुवंशांत बदल घडवितां येतो, असें सिद्ध केलें होतें. ही रीत म्हणजे अंधारांत ग्रंथालयावर छऱ्यांची बंदूक झाडण्यासारखी. कोणत्या पोथीच्या कोणत्या पानाला भोंक पडेल ह्याचा नेम नाहीं. हजारों रोपें वाढवावयाचीं, बहुतेक टाकून द्यावयाचीं आणि त्यांतून एखादें कामाचें निवडावयाचें. स्वतः स्टॅडलर हे ह्या मार्गाच्या व्यावहारिक उपयोगाविषयीं साशंकच होते. तरी ह्या छऱ्यांनींहि पुढें पिकें दिलीं. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांच्या साह्यानें भुइमुगाच्या अनेक जाती काढल्या. त्यांतील पहिली १९७३ सालीं लागवडीस आली, आणि 'टीएजी-२४' ही जात महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. आपण खाल्लेल्या शेंगदाण्यांत ह्या मार्गानें आलेले दाणे असतील. त्यावेळीं कोणीं दचकल्याचें मला आठवत नाहीं.

भाताच्या बाबतींत तर फार उद्बोधक प्रकार घडला. जपानांत गॅमा किरणांनीं बुटकी केलेली 'रेमेइ' ही जात १९६६ सालीं निघाली. कॅलिफोर्नियांत त्याच रीतीनें 'कॅलरोझ ७६' ही जात १९७६ सालीं निघाली. पुढें २००२ सालीं बुटकेपणाचें जनुक ओळखलें गेलें. त्याचें काम असें कीं, रोपाला उंच करणारा जिबरेलिन नांवाचा रस तयार करण्यास मदत करावी. तपासणींत असें दिसलें कीं, तैवानच्या जातींत ह्या जनुकाचीं ३८३ अक्षरें निसर्गतःच गळालीं होतीं. आणि जपान व कॅलिफोर्निया येथील किरणांनीं बिघडविलें तेंहि हेंच जनुक! निसर्गाची चूक आणि दोन प्रयोगशाळांचे छर्रे, तिन्ही एकाच वाक्यावर जाऊन बसले होते. विशेष हें कीं, हा रस एका बुरशींत असतो ह्याचा पहिला पुरावा ऐईची कुरोसावा ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९२६ सालीं तैवानमध्येंच मिळविला होता. ह्या बुरशीचा रोग जडलेलीं भाताचीं रोपें भलतींच उंच व फिक्कट वाढत, म्हणून जपानी शेतकरी त्यांना मूर्ख रोपें म्हणत.

ह्या दुसऱ्या शुद्धिपत्राचा जमाखर्च मांडतांना जमेची बाजू मोठी आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु खर्चाची बाजूहि आहे. आय-आर-८ चा दाणा खडबडीत, गिरणींत तुटणारा. आणि कीड-रोगांना ती लवकर बळी पडे. खताच्या व पाण्याच्या जोरावर सलग एकाच धर्तीचें पीक उभें राहूं लागलें, तेव्हां १९७०-८० च्या सुमारास आग्नेय आशियांत तपकिरी तुडतुड्यांनीं मोठा धुमाकूळ घातला. शेंकडों स्थानिक जाती शेतांतून नाहींशा झाल्या. ३८३ अक्षरें गळणें ही ग्रंथाच्या मानानें क्षुल्लक गोष्ट. पण तिच्यामागून खताचे कारखाने आले, कालवे आले, कर्ज आलें, कीटकनाशकें आलीं. बदल किती अक्षरांचा, ह्यावरून त्याच्या परिणामाचा अंदाज बांधतां येत नाहीं, हा ह्या प्रकरणाचा धडा होय. मात्र एवढें सांगितलें पाहिजे कीं, आय-आर-८ वर कोणीं मालकी सांगितली नाहीं. तिचें बीं मागेल त्याला मिळत होतें.

आतां तिसऱ्या शुद्धिपत्राकडे वळूं. येथें छऱ्यांच्या जागीं नेम आला. हा नेम मनुष्याला शिकविला तो जंतूंनीं, आणि त्यांतील एक जंतु तर भाताचा जुना वैरी आहे. भातावर कडा करपा पडतो, तो ज्या जंतूमुळें, तो जंतु रोपाच्या पेशींत एक प्रथिन सोडतो. तें प्रथिन साळीच्या ग्रंथांतील एक ठराविक ओळ अक्षर अक्षर वाचून शोधून काढतें आणि पेशींतील साखर बाहेर सोडण्याची आज्ञा चालू करतें. त्या साखरेवर जंतु पोसतो. २००९ सालीं ह्या प्रथिनाची वाचण्याची रीत उलगडली. मग २०१२ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं तशाच प्रथिनाला कात्री जोडून भातांतील नेमकी ती ओळच कापून बिघडविली. जंतु आला, पण त्याला ओळ सांपडेना. चोराच्याच किल्लीनें घराचें कुलूप बदलावें, असा हा प्रकार.

परंतु अशी प्रत्येक किल्ली निराळी घडवावी लागे, आणि तें काम वेळखाऊ व खर्चाचें होतें. त्याच वर्षीं दुसरें साधन हातीं आलें. त्याचें नांव क्रिस्पर. त्याचा इतिहास तीन खंडांत विखुरलेला आहे. १९८७ सालीं जपानांत योशिझुमी इशिनो व त्यांचे सहकारी ह्यांना आंतड्यांतील एका जंतूच्या डी. एन. ए.मध्यें पुन्हां पुन्हां येणारी एकच ओळ दिसली. १९९३ पासून स्पेनमधील फ्रान्सिस्को मोजिका ह्यांनीं मिठागरांतील जंतूंत तसल्याच ओळी पाहिल्या, आणि पुढें २००५ सालीं त्या ओळींमधील मजकूर जंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा असल्याचें दाखवून दिलें. २००७ सालीं दह्याचें विरजण पुरविणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं ह्याचा उपयोग सिद्ध केला.

उपयोग असा. गांवच्या चावडींत जशी सराईत गुन्हेगारांची नोंदवही असे, तशी जंतूजवळ पूर्वीं हल्ला केलेल्या विषाणूंची नोंदवही असते. विषाणु पुन्हां आला कीं त्या नोंदीची एक प्रत निघते. ती वॉरंटासारखी हातीं घेऊन कॅस-९ नांवाचें प्रथिन हिंडतें आणि वर्णन जुळतांच विषाणूच्या डी. एन. ए.चे दोन तुकडे करतें. एमान्युएल शार्पांत्ये व जेनिफर डाउडना ह्यांनीं १९१२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१२ सालीं, दाखवून दिलें कीं हें वॉरंट आपणहि लिहूं शकतों. त्यावर जें वर्णन लिहावें, तेथेंच कात्री चालते. ह्या शोधाबद्दल त्यांना २०२० सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०१३ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं भात व गहूं ह्यांवर हें साधन चालवून दाखविलें.

कापलेला धागा पेशी स्वतःच सांधते; सांधतांना एखाद-दुसरें अक्षर गळतें किंवा वाढतें, आणि ती आज्ञा निकामी होते. नवें कांहीं घालावें लागत नाहीं. खोडावयाचें तेवढें खोडलें जातें. कात्री तयार करणारें जनुक रोपांत बाहेरून घालावें लागतें खरें. पण पुढच्या पिढींत मेंडेलच्या नियमानें कांहीं रोपांना दुरुस्ती मिळते आणि कात्री मिळत नाहीं. नेमकीं तींच रोपें राखून ठेवितात. दोषहि सांगितला पाहिजे. सारख्या वर्णनाचा दुसराच इसम पकडला जावा, तशी ही कात्री क्वचित् भलत्या ठिकाणींहि चालते. म्हणून तपासणी लागते.

'कमला' ही अशीच घडली. आंध्रांतील बापटला येथें निघालेली 'सांबा मसुरी' ही बारीक दाण्याची, लोकांच्या आवडीची जात १९८६ पासून लागवडींत आहे. जपानच्या नागोया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००५ सालीं दाखविलें होतें कीं, एका जनुकाचा जोर कमी असेल तर लोंबींतील दाण्यांची संख्या वाढते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं सांबा मसुरीमधील तेंच जनुक संपादित केलें. उत्पन्न शेंकडा १९ नें अधिक आणि पीक सुमारें वीस दिवस आधीं तयार, असा संस्थेचा दावा आहे. दिल्लीच्या जातींत अवर्षण व क्षार सोसण्याच्या आड येणारें एक जनुक निकामी केलें आहे. ह्या आंकड्यांवर पुढें आक्षेपहि घेतले गेले, व संस्थेनें ते नाकारले. शेवटचा निकाल शेतकऱ्याचें खळें देईल.

१९६६ सालची बुटकी साळ आणि २०२५ सालची कमला ह्यांत जातीचा फरक नाहीं. दोघींनीं कांहीं तरी गमावलें आणि त्या गमावण्यांत आपला लाभ झाला. २००२ सालीं भारतांत आलेला बीटी कापूस मात्र निराळा. त्यांत जंतूच्या पोथींतील एक परका परिच्छेद कापसाच्या पोथींत घातलेला आहे. हा भेद मानावा कीं मानूं नये, ह्याविषयीं देशोदेशींचे कायदे एकमतानें बोलत नाहींत. युरोपच्या न्यायालयानें २५ जुलै २०१८ रोजीं संपादित पिकेंहि जनुकांतरित पिकांच्याच कायद्याखालीं येतात असा निर्णय दिला. भारत सरकारनें ३० मार्च २०२२ रोजीं परकें जनुक नसलेल्या संपादित पिकांना त्या कडक नियमांतील कांहीं कलमांतून मोकळीक दिली.

मोकळीक द्यावी कीं नाहीं, ह्या वादांत मी शिरत नाहीं. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दोनच गोष्टी आपल्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट 'संपादन' ह्या शब्दांतच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां प्रथम काय केलें? देशांतील निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या गोळा केल्या आणि श्लोक श्लोक ताडून पाहिला. पोथ्या नसत्या, तर सुकथनकरांसारख्या पंडिताची विद्वत्ताहि हतबल झाली असती. भाताचेंहि तसेंच आहे. कोणतें अक्षर खोडावें, हें कात्रीला कळत नाहीं. तें तैवानच्या आखूड पायांच्या जातीनें सांगितलें, जपानच्या भरदार लोंबीनें सांगितलें. गांवोगांवची प्रत्येक जुनी जात ही एक पोथी आहे. तिच्यांत एखादा असा पाठभेद असेल कीं ज्याचें मोल शंभर वर्षांनीं कळेल. फिलिपाईन्समधील त्या संस्थेच्या बीजभांडारांत सव्वा लाखाहून अधिक वाण जपून ठेविले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण भांडारांतील पोथी वाचली जाते, ती वाढत नाहीं. शेतांतील पोथीवर दरवर्षीं नवा पाऊस, नवी कीड आपलें टिपण लिहीत असते. संपादनाच्या भरांत शेतांतल्या पोथ्या वाळवीला दिल्या, तर उद्यां आपल्या हातांत उत्तम लेखणी असेल आणि ताडून पाहण्यास दुसरी प्रत नसेल.

दुसरी गोष्ट मालकीची. पहिल्या शुद्धिपत्राला मालक नव्हता. दुसऱ्यांतील आय-आर-८ सर्वांची होती. तिसऱ्याची लेखणी मात्र पेटंटांनीं बांधलेली आहे. ती मुळांत कोणाची, ह्यावरून अमेरिकेंत विद्यापीठांमध्येंच वर्षानुवर्षें दावे लढले गेले. कमला आणि तिची बहीण ह्या सरकारी संस्थांच्या लेकी आहेत हें खरें. पण ज्या लेखणीनें त्या लिहिल्या तिच्या मालकांशीं व्यवहार ठरविण्याचा प्रश्न उरतोच. भाताच्या बाबतींत निसर्ग शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. साळीचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें, म्हणून घरचें बीं राखून पेरलें तरी त्याचे गुण सहसा बदलत नाहींत. आपल्या २००१ च्या कायद्यानेंहि शेतकऱ्याला बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापाचें नांव न लावतां विकण्याचा हक्क दिला आहे. निसर्गानें दिलेला आणि कायद्यानें मान्य केलेला हा हक्क करारपत्राच्या बारीक अक्षरांत खोडला जाऊं नये, ह्याकडे आपण नागरिकांनीं लक्ष ठेविलें पाहिजे. शहरांत राहणाऱ्यांना हा प्रश्न दूरचा वाटेल. पण ज्याच्या हातीं बीं, त्याच्या हातीं आपलें ताट, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे तो दूरचा राहत नाहीं.

पंतोजीला वहींतील चुका लाल शाईनें खोडण्याची संवय असते, आणि खोडतांना एक आनंदहि होतो, हें मी अनुभवानें जाणतों. पण खोडलेला शब्द मुलानें कां लिहिला होता, हें विचारावयाचें राहून गेलें, अशी हळहळ पुढें पुष्कळदां वाटते. रानसाळीचा दाणा गळत होता तो तिच्या वंशासाठीं. ताट उंच वाढत होतें तें सूर्यप्रकाशासाठीं. आणि दाण्यांची संख्या लगामांत राहत होती, तीहि कांहीं कारणावांचून नसेल. आपण हे शब्द खोडले, आपल्या पोटासाठीं खोडले, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र ज्या पाणथळांत नीवार अजून आपला दाणा आपणच सोडीत उभा आहे, तीं पाणथळें भराव घालून बुजविण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें. आपल्या शुद्धिपत्राचा मूळ ग्रंथ तेथें आहे. येत्या ऋषिपंचमीला ताटावर बसतांना त्याची आठवण झाली, तर आजचें माझें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.